विधिमंडळातील विधेयक आणि विधिमंडळाबाहेरचा समाज : मुंबई प्रांतातील डॉ. आंबेडकरांचे लोकप्रतिनिधित्व (१९२७-१९३९)

प्रस्तावना

लोकप्रतिनिधीने विधिमंडळात मांडलेल्या, पुढे सरकलेल्या अथवा अडलेल्या विधेयकांची माहिती आपल्या लोकांना वेळोवेळी द्यावी, ही अपेक्षा आज संसदीय लोकशाहीचा स्वाभाविक भाग मानली जाते. निवडणूक आणि उत्तरदायित्व यांची सांगड आपण गृहीत धरतो. ज्यांनी मत दिले त्यांना हिशेब द्यायचा, असा हा सरळ व्यवहार आहे. परंतु ज्या लोकांना मताचा अधिकारच नाही आणि ज्यांनी आपल्या प्रतिनिधीला निवडलेलेही नाही, त्यांना विधेयकाची वाटचाल सांगण्याचे बंधन कोणावर असते ? मुंबई प्रांताच्या कायदेमंडळातील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कार्याच्या संदर्भात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो.

डॉ. आंबेडकरांच्या विधिमंडळीय कार्याचा अभ्यास बहुधा त्यांच्या इंग्रजी भाषणांच्या आधारे केला जातो. ही भाषणे महाराष्ट्र शासनाने १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडात उपलब्ध आहेत. त्यांच्या मराठी पत्रकारितेचा अभ्यास मात्र सामाजिक चळवळीच्या इतिहासात स्वतंत्रपणे होतो. अशा विभागणीमुळे एकाच कार्याची दोन अंगे एकमेकांपासून तुटतात. सभागृहात इंग्रजीतून मांडलेले विधेयक आणि सभागृहाबाहेर मराठीतून समजावलेले विधेयक एकत्र वाचले, तर लोकांना सांगणे हा डॉ. आंबेडकरांच्या दृष्टीने कायदे करण्याच्याच प्रक्रियेचा भाग होता, असे दिसते. वतन, खोती व औद्योगिक कलह या तीन विधेयकांच्या आधारे हे मत तपासून पाहण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

कागदावरचा ठराव : एक पूर्वानुभव

या प्रश्नाची पार्श्वभूमी १९२३ च्या बोले ठरावात सापडते. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई कायदे कौन्सिलने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालविलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य वर्गांना खुले असावेत, अशी शिफारस त्यात होती. सप्टेंबर १९२३ मध्ये सरकारने तो अंमलात आणण्याचे आदेश आपल्या खात्यांना दिले. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. प्रत्यक्षात तळ्यावर कोणी अस्पृश्य पाणी भरू शकला नाही. ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले यांना दुसरा ठराव आणावा लागला. पहिला ठराव न पाळणाऱ्या स्थानिक संस्थांचे सरकारी अनुदान थांबवावे, असे त्यात सुचविले होते.

कौन्सिलने संमत केलेली गोष्ट गावात आपोआप पोहोचत नाही, हा या घटनाक्रमाचा धडा होता. ती पोहोचण्यासाठी दोन गोष्टी आवश्यक असतात. ज्यांच्यासाठी ठराव झाला त्यांना तो माहीत असणे ही पहिली गोष्ट, आणि त्याचा आधार घेऊन उभे राहण्याचे बळ त्यांच्यात असणे ही दुसरी. मार्च १९२७ चा महाडचा सत्याग्रह हा या अर्थाने कौन्सिलच्या ठरावाचा लोकांनी स्वतः केलेला अंमल होता. डॉ. आंबेडकरांच्या पुढील विधिमंडळीय कार्यपद्धतीवर या अनुभवाची छाया स्पष्टपणे जाणवते.

नामनियुक्त सभासद आणि मताधिकाराविना लोक

१९१९ च्या कायद्याने मुंबई प्रांताच्या कौन्सिलमध्ये निवडून आलेल्या सभासदांची बहुसंख्या झाली. तरी मताधिकार मालमत्ता, जमीनमहसूल व तत्सम अटींवर अवलंबून होता. अस्पृश्य समाजातील बहुसंख्य लोक त्यामुळे मतदारयादीबाहेरच राहिले. त्यांच्या प्रतिनिधित्वाची सोय सरकारी नियुक्तीद्वारे करण्यात आली. याच मार्गाने डॉ. आंबेडकर आणि डॉ. पुरुषोत्तम सोळंकी हे कौन्सिलमध्ये आले. डॉ. आंबेडकरांनी फेब्रुवारी १९२७ मध्ये सभासदत्वाची शपथ घेतली आणि त्याच महिन्यात अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले.

औपचारिकदृष्ट्या पाहता त्यांचे उत्तरदायित्व नियुक्ती करणाऱ्या गव्हर्नरशी होते. त्यांना मतदारसंघ नव्हता, पुन्हा निवडून येण्याची चिंता नव्हती, आणि म्हणून लोकांना हिशेब देण्याचे राजकीय बंधनही नव्हते. असे असता ३ एप्रिल १९२७ रोजी, म्हणजे शपथविधीनंतर दोन महिन्यांच्या आत आणि महाडच्या सत्याग्रहानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, त्यांनी ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केले. हे पत्र अर्थातच केवळ कौन्सिलच्या वृत्तांतासाठी नव्हते. तथापि सभासदत्व, सत्याग्रह आणि वृत्तपत्र या तीन गोष्टी एकाच हंगामात एकत्र आल्या, ही बाब दुर्लक्षून चालणार नाही. सायमन आयोगापुढे प्रौढ मताधिकाराची मागणी करताना त्यांनी जो आग्रह धरला, त्यामागेही हीच भूमिका होती. ज्यांच्यावर कायदा चालणार, त्यांचा कायदा करणाऱ्यांशी संबंध असला पाहिजे. मताधिकार मिळेपर्यंत तो संबंध त्यांनी लेखणीने व सभांनी जोडला.

येथे भाषेचा प्रश्नही विचारात घ्यावा लागतो. कौन्सिलचे कामकाज इंग्रजीत चाले. ज्यांना इंग्रजी येत नसे त्यांना देशी भाषेत बोलण्याची मुभा होती, परंतु विधेयकाचा मसुदा, त्यावरील सूचना व चर्चा यांचे माध्यम मुख्यतः इंग्रजीच होते. वतनाच्या जमिनीवर राबणाऱ्या महाराला किंवा खोताच्या कुळाला आपल्या जगण्याविषयीची ही चर्चा ऐकू आली तरी समजली नसती. त्यामुळे विधेयकाची माहिती देणे म्हणजे कलमांचा मराठी अनुवाद करणे एवढेच नव्हते. कायद्याची भाषा गावच्या व्यवहाराच्या भाषेत, म्हणजे बलुते, जुडी, वेठबिगार व सारा यांच्या भाषेत, उतरविणे हे खरे काम होते.

वतन विधेयक : ज्यांच्यासाठी त्यांच्याशीच वाद

१८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात महारांची गावकीची नोकरी वतन म्हणून मोडत असे. महार हा सरकारी कामाचा माणूस होता, परंतु त्याच्या मोबदल्याचा बराच भाग रयतेकडून बलुत्याच्या रूपाने येई. कामाची वेळ व मर्यादा ठरलेली नव्हती. एक जण कामावर नसेल तर घरातील दुसऱ्याला जावे लागे. बलुते देणे न देणे हे गावाच्या मर्जीवर असल्यामुळे, महारांनी हक्काची भाषा काढताच गाव बलुते बंद करू शकत असे. महाडच्या सत्याग्रहानंतर अनेक ठिकाणी झालेल्या बहिष्कारांनी या व्यवस्थेतील दुबळेपणा उघड केला.

१९ मार्च १९२८ रोजी डॉ. आंबेडकरांनी या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक कौन्सिलमध्ये मांडले. ज्या वतनदारांना नोकरीतून मुक्त व्हायचे असेल त्यांना पूर्ण सारा भरून जमीन स्वतःकडे ठेवता यावी, बलुत्याच्या जागी रोख कर बसवून तो जमीनमहसुलाबरोबर वसूल व्हावा, आणि वतनदारांची कामे नियमांनी निश्चित व्हावीत, हे त्याचे मुख्य हेतू होते. ३ ऑगस्ट १९२८ रोजी त्यांनी विधेयकाच्या पहिल्या वाचनाच्या वेळी सविस्तर भाषण केले. त्यानंतर विधेयक निवड समितीकडे गेले.

सभागृहातील या वाटचालीला समांतर असे दुसरे काम बाहेर चालू होते, आणि ते अधिक अवघड होते. वतन ही पिढ्यान्‌पिढ्यांची मिरास आहे, गावातील आपल्या स्थानाची ती खूण आहे, अशी भावना महार समाजात खोलवर रुजलेली होती. वतन सुटले तर जमीन जाईल, बलुते जाईल आणि हाती काहीच उरणार नाही, ही भीती निराधार म्हणता येत नव्हती. म्हणजे विधेयक ज्यांच्या हितासाठी होते, त्यांच्यातील अनेकांनाच त्याविषयी शंका होती. ‘बहिष्कृत भारता’तील वतनविषयक लेखनात आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील सभांमध्ये डॉ. आंबेडकरांनी या भीतीला तोंड दिले. वतनामुळे मिळणारे उत्पन्न अल्प आहे, त्यापायी स्वाभिमान व उद्यमशीलता गहाण पडली आहे, आणि विधेयकाने जमीन जात नसून नोकरीची सक्ती जाते, हे त्यांच्या मांडणीचे सूत्र होते.

यातून प्रतिनिधित्वाची एक वेगळी कल्पना पुढे येते. लोकांचे मत जसे असेल तसे सभागृहात पोहोचविणारा निरोप्या, एवढीच प्रतिनिधीची भूमिका येथे नाही. तो लोकांशी मतभेदही करतो. मात्र हा मतभेद लपवून सभागृहात परस्पर निर्णय न लावता, तो लोकांसमोर जाऊन मांडतो. सांगणे आणि पटविणे यांत भेद आहे. डॉ. आंबेडकरांच्या कार्यात दुसऱ्या गोष्टीवर भर आढळतो.

विधेयकाला सरकारच्या महसूल खात्याचा विरोध होता. निवड समितीकडून ते परत आल्यानंतर जुलै १९२९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी ते मागे घेतले. विधेयक मागे घेणे ही सभागृहाच्या नियमांत एका वाक्यात संपणारी बाब असते. दीड वर्ष ज्यांना विधेयकाचे महत्त्व पटवून दिले, त्यांच्यापुढे मात्र ती तशी संपत नाही. त्यातच १५ नोव्हेंबर १९२९ च्या अंकानंतर ‘बहिष्कृत भारत’ बंद पडले आणि ‘जनता’ सुरू होण्यास २४ नोव्हेंबर १९३० हा दिवस उजाडावा लागला. सुमारे एक वर्ष त्यांच्या स्वतःच्या पाक्षिकाचा आधार उरला नाही. वतनाचा प्रश्न तरीही त्यांनी सोडला नाही, आणि १९३७ च्या विधानसभेत तो नव्या विधेयकाच्या रूपाने परत आणला. मागे घेतलेले विधेयक लोकांच्या स्मरणातून पुसले जाऊ न देणे, हीदेखील त्या प्रश्नाची वाटचाल चालू ठेवण्याची रीत होती.

खोती विधेयक : सभागृहाच्या दारापर्यंत

१९३५ च्या कायद्याने परिस्थिती बदलली. ऑगस्ट १९३६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. फेब्रुवारी १९३७ च्या निवडणुकीत पक्षाने उभे केलेल्या १७ उमेदवारांपैकी बहुतेक निवडून आले. स्वतः डॉ. आंबेडकर मुंबई शहरातून निवडून आले. आता ते नामनियुक्त सभासद राहिले नव्हते. त्यांच्यामागे मतदार होते आणि मतदारांपुढे ठेवलेला जाहीरनामाही होता. खोत व तालुकदार यांच्या जाचातून कुळांचे संरक्षण करण्याचे आश्वासन त्या जाहीरनाम्यात होते.

बाळ गंगाधर खेर यांचे मंत्रिमंडळ जुलै १९३७ मध्ये अधिकारावर आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी पुण्यातील अधिवेशनात डॉ. आंबेडकरांनी खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. रत्नागिरी, कुलाबा व ठाणे जिल्ह्यांच्या काही भागांत खोत हा सरकार व शेतकरी यांच्यामध्ये उभा असे. तो सरकारला ठरीव सारा भरी आणि कुळांकडून धान्याच्या हिश्शाने वसुली करी. त्याशिवाय वेठबिगारीची वहिवाट होती ती वेगळीच. खोतांना वाजवी भरपाई देऊन त्यांचे मध्यस्थपण काढावे आणि प्रत्यक्ष जमीन कसणाऱ्यांना रयतवारी पद्धतीतील कब्जेदाराचा दर्जा द्यावा, असे विधेयकाचे स्वरूप होते.

वतन विधेयकाचा संबंध मुख्यतः एका जातीशी होता. खोती विधेयकाने कुणबी, आगरी, महार अशा अनेक जातींच्या कुळांना एका प्रश्नावर आणले. कुलाबा जिल्ह्यात चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून शेतकऱ्यांचा संप चालू होता. अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस व शामराव परुळेकर यांसारखे सहकारी कोकणातील गावोगावी कुळांच्या सभा घेत होते. ‘जनता’ पत्रातून या प्रश्नाचा पाठपुरावा होत होता.

तथापि अशासकीय विधेयकाचे भवितव्य सरकारपक्षाच्या हाती असते. बहुमत काँग्रेसचे होते आणि विधेयक पुढे सरकेना. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणासह अनेक जिल्ह्यांतून आलेल्या सुमारे २०,००० शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर गेला. त्यांच्या शिष्टमंडळाने मुख्यमंत्री खेर यांच्यापुढे मागण्या ठेवल्या. खोती नष्ट करण्याची मागणी त्यांत होती. आजवर विधेयकाची वार्ता सभागृहातून गावाकडे जात असे. या दिवशी गाव स्वतः विधेयकाची चौकशी करण्यासाठी सभागृहाच्या दारी आले. लोकांना विधेयकाची स्थिती सांगत राहण्याचा खरा परिणाम येथे दृष्टीस पडतो. ज्यांना आपले विधेयक कोठे अडले आहे हे माहीत असते, तेच योग्य दारावर जाऊन विचारणा करू शकतात.

औद्योगिक कलह विधेयक : विरोधी सभासदाची जबाबदारी

पहिली दोन विधेयके डॉ. आंबेडकरांची स्वतःची होती. १९३८ च्या सप्टेंबरमध्ये सरकारने मांडलेले औद्योगिक कलह विधेयक हे त्याहून वेगळे उदाहरण आहे. समेटाची सक्तीची प्रक्रिया पूर्ण होण्यापूर्वी केलेला संप बेकायदेशीर ठरवून त्याला शिक्षा सांगणारे हे विधेयक होते. १५ सप्टेंबर १९३८ रोजी सभागृहात त्यांनी त्यास कडाडून विरोध केला. संपाचा हक्क म्हणजे माणसाने आपली सेवा कोणत्या अटींवर द्यावी हे ठरविण्याचे स्वातंत्र्यच होय, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता.

बहुमताच्या बळावर विधेयक संमत होणार हे स्पष्ट होते. अशा वेळी विरोधी सभासदाचे काम मतदानानंतर संपते काय, हा प्रश्न होता. स्वतंत्र मजूर पक्ष व साम्यवादी नेतृत्वाखालील गिरणी कामगार संघटना यांनी एकत्र येऊन कामगारवस्त्यांत सभा घेतल्या आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप पुकारला. गिरणगावातील कामगाराला कलमांतील शब्दांपेक्षा त्यांचा परिणाम समजणे महत्त्वाचे होते. नोटिशीशिवाय काम थांबविले तर उद्या तुरुंगात जावे लागेल, एवढी गोष्ट त्याच्या ध्यानात आली. कायदा झाला, परंतु ज्यांच्यावर तो लादला गेला त्यांना न कळता तो झाला नाही.

संवादाच्या मर्यादा

या कार्याचे मूल्यमापन करताना त्याच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. साक्षरतेचे प्रमाण अत्यल्प होते. त्यामुळे एकाने वाचावे व अनेकांनी ऐकावे, हीच वृत्तपत्राच्या प्रसाराची रीत राहिली. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी चळवळीचा आशय गाण्यांतून व संवादांतून खेड्यांत नेला. तरी कलमांचे बारकावे जलशाच्या फडात कितपत पोहोचू शकत, याला मर्यादा होतीच. पत्रांची आर्थिक स्थिती कायम नाजूक असल्याने संवादात खंड पडत असे.

त्याहून मोठी मर्यादा म्हणजे फलश्रुतीची. वतन विधेयक मागे घ्यावे लागले. खोती विधेयक कायदा होऊ शकले नाही. सरकारने १९३९ मध्ये कूळ कायदा केला, पण खोती कायम राहिली. नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर विधिमंडळाचा मार्गच काही वर्षे खुंटला. १६ डिसेंबर १९३९ रोजी अहमदनगर जिल्ह्यातील हरेगाव येथे आणि १६ ऑगस्ट १९४१ रोजी सिन्नर येथे वतनदारांच्या परिषदा झाल्या. सभागृह बंद पडले तरी सभागृहाबाहेरचा संवाद थांबला नव्हता, याची ही साक्ष होय. खोती अखेर १९४९ च्या कायद्याने गेली. महार वतन कनिष्ठ गाववतने नष्ट करणाऱ्या १९५८ च्या कायद्याने संपले, म्हणजे पहिले विधेयक मांडल्यापासून ३० वर्षांनी आणि ते मांडणाऱ्याच्या निधनानंतर.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) डॉ. आंबेडकरांच्या दृष्टीने लोकांना विधेयकाची माहिती देण्याचे बंधन मतपेटीतून निर्माण होत नव्हते. नामनियुक्त असताना आणि निवडून आल्यानंतर या दोन्ही काळांत त्यांची रीत मूलतः एकच राहिली. कायदा ज्यांच्या जीवनावर चालणार त्यांना तो समजला पाहिजे, हे तत्त्व त्यामागे होते.

२) विधेयकाची माहिती देणे म्हणजे यशाची वार्ता देणे नव्हे. अडलेले, मागे घेतलेले व विरोध करूनही संमत झालेले विधेयक यांचीही हकीकत लोकांपर्यंत जात राहिली. त्यामुळेच प्रश्न जिवंत राहिला.

३) लोकांशी संवाद म्हणजे लोकानुनय नव्हे. वतनाच्या बाबतीत त्यांनी स्वतःच्या समाजातील प्रबळ भावनेच्या विरुद्ध भूमिका घेतली आणि ती उघडपणे मांडली.

४) सभागृहातील इंग्रजी कामकाज आणि ‘बहिष्कृत भारत’ व ‘जनता’मधील मराठी लेखन ही साधने एकत्र अभ्यासली, तरच विधिमंडळीय इतिहासाचे पूर्ण चित्र हाती येते.

भारतीय संसदेत १९७० नंतर एकही अशासकीय विधेयक कायद्यात रूपांतरित झालेले नाही. या आकड्याकडे पाहून एकट्या सभासदाचे विधेयक निष्फळ असते, असे म्हणणे सोपे आहे. वतन व खोती विधेयकांचा इतिहास याबाबत थांबून विचार करावयास लावतो. सभागृहात न टिकलेले विधेयक ज्या समाजाला नीट समजावून दिले गेले, त्या समाजाने ते पुढे नेले. राज्यशास्त्र व इतिहासाच्या अध्यापनात कायदा कसा होतो याचे टप्पे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. पहिले वाचन, निवड समिती, दुसरे वाचन, तिसरे वाचन हा क्रम त्यांना पाठ असतो. त्या क्रमात न दिसणारा, पण कायद्याला समाजात मूळ धरू देणारा लोकसंवादाचा टप्पाही त्यांच्या ध्यानात आणून देणे अगत्याचे आहे.